पाणी थोपवणारी गावं

साठी ओलांडलेल्या नवरा-बायकोने स्वतःची गाडी चालवत लडाखला जावं का, असं वसईत विचारलं तर नातेवाईक आधी हात जोडतात. आमच्या डॉक्टरांनी मात्र दोघांचे ईसीजी काढले, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा नीट लावून दिल्या आणि एकच अट घातली: घाई करायची नाही. ही अट निवृत्त माणसालाच पाळता येते. नोकरीतल्या माणसाची रजा संपत आलेली असते. तो लेहला विमानाने उतरतो, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड गाठतो, तिसऱ्या दिवशी पांगोंगच्या काठावर डोकं धरून बसतो. आमच्याकडे वेळ होता, आणि तो खर्च करायची तयारीही होती.

वसई पश्चिमेच्या होळी भागात आमचं घर. हे पश्चिम रेल्वेत मोटरमन होते. विरार-चर्चगेट मार्गावर त्यांचा उमेदीचा सगळा काळ सिग्नल बघण्यात गेला. पावसाळ्यात रजा मागायची सोयच नसे. मी शाळेत भूगोल शिकवला. हिमनदी, हिमोढ, ‘यू’ आकाराची दरी हे सगळं मी खडूने फळ्यावर काढत आले, पण त्यातलं एकही प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर कुठे जायचं, याचं उत्तर म्हणूनच माझ्यापाशी तयार होतं. चालवायचं काम यांचं. नकाशा, औषधांची पिशवी आणि नोंदवही माझ्याकडे.

जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या आधी निघालो. वसई फाट्याला अहमदाबाद महामार्ग धरला की पुढचे दिवस गुजरात, राजस्थान, हरियाणा असे एकामागून एक जातात. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत मुक्काम गाठायचा. त्या सपाटीवरच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. खरा प्रवास मनालीनंतर सुरू होतो.

मनालीच्या वर अटल बोगदा आहे, ९.०२ किलोमीटर लांबीचा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो खुला झाला. त्याआधी रोहतांग खिंडीत बर्फ पडलं की लाहौल सहा-सहा महिने जगापासून तुटायचं. पेशंट हेलिकॉप्टरची वाट बघत पडून राहायचे. आता दहा-पंधरा मिनिटांत देवदारांचं हिरवं कुल्लू मागे पडतं आणि समोर उघड्या खडकांचं, रुंद दरीचं लाहौल येतं. बोगद्यातून बाहेर आल्यावर यांनी गाडी बाजूला घेतली. समोरच्या दरीकडे बोट दाखवून म्हणाले, “अगं, ही तुझी ‘यू’ दरी ना?” तीच होती. बर्फाने कडा खरवडून, तळ रुंद करून ठेवलेली दरी.

पहिलं गाव सिस्सू. धबधबा, चंद्रा नदी, कोबी-वाटाण्याची शेतं, आणि बोगद्यामुळे आलेल्या गाड्यांची रांग. बहुतेक लोक फोटो काढून परत फिरतात. गावाच्या वर, रस्त्यावरून न दिसणाऱ्या उंचीवर घेपांग घाट नावाचं हिमतळं आहे. मागची हिमनदी वितळत मागे सरकते आणि तिने ढकलून आणलेल्या दगडमातीच्या बांधामागे पाणी साचत जातं. इस्रोने २०२४ साली उपग्रहांच्या छायाचित्रांवरून सांगितलं की १९८९ मध्ये हे तळं ३६.४९ हेक्टर होतं, २०२२ मध्ये ते १०१.३० हेक्टर झालं. त्याच पाहणीत हिमालयातल्या मोठ्या तळ्यांपैकी ६७६ तळी १९८४ पासून वाढल्याचं दिसलं, त्यातली १३० भारतात आहेत. हे बांध कोणी बांधलेले नसतात. सैल दगडगोट्यांचे ढीग असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक तळं असंच फुटलं आणि तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. सिस्सूच्या चहावाल्याला मी याबद्दल विचारलं. त्याने वर डोंगराकडे पाहिलं आणि सांगितलं की पाहणी करणारे येतात, यंत्रं बसवायच्या गोष्टी होतात, आणि आम्ही इथेच राहतो.

पुढे तांदी. इथे चंद्रा आणि भागा मिळतात आणि चंद्रभागा होते. तीच खाली जाऊन चिनाब. माझ्या माहेरी वारीची परंपरा. संगमावर माझे हात आपोआप जोडले गेले, आणि यांनीही टोपी काढली. दोन्ही नद्या बारालाचा खिंडीच्या परिसरातच उगम पावतात, दोन वेगळ्या दिशांना निघतात आणि मोठा वळसा घालून तांदीला पुन्हा भेटतात. तांदीच्या पेट्रोल पंपावर वर्षानुवर्षं एक पाटी प्रवाशांना सांगत आली आहे की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आम्ही टाकी भरली आणि एक कॅन जादा घेतला.

उंचीबद्दल इथे नीट सांगायला हवं, कारण आमच्या वयाच्या माणसांना त्याचीच भीती असते आणि ती रास्तही आहे. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वर-खाली सारखंच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे एका श्वासात फुप्फुसात जाणारा ऑक्सिजन घटतो. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, तिथे तो समुद्रकाठच्या दोन तृतीयांश असतो. तंगलांग ला खिंडीवर, ५,३२८ मीटरवर, जवळजवळ निम्माच. शरीर याला सरावतं, पण त्याच्या गतीने. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा नियम आहे. दिवसा वर जाऊन आलं तरी चालतं, झोपायला खाली यायचं. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही पहिली खूण. बसल्या जागी धाप लागली, खोकला येऊ लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर उजाडायची वाट न बघता खाली उतरायचं. कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे उपयोगी पडतो, पण त्याच्या आकड्यापेक्षा जोडीदाराच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवणं जास्त खरं.

मनाली-लेह रस्त्यावर अडचण अशी की जिस्पा ३,२०० मीटरच्या आसपास आणि पुढचा नेहमीचा मुक्काम सरचू एकदम ४,२९०. बरेच लोक सरचूच्या तंबूत रात्रभर तळमळतात. आम्ही केलाँगला राहिलो, मग जिस्पाला राहिलो, तिथून एकदा बारालाच्यापर्यंत जाऊन खाली जिस्पालाच झोपायला आलो. नंतर एका पहाटे निघून सगळ्या खिंडी एका दिवसात पार केल्या आणि दिवस मावळताना लेहमध्ये उतरलो. दिवस फार मोठा झाला, पण रात्र शांत गेली.

तो आधीचा बारालाचाचा फेरा मात्र स्वतःसाठी केल्यासारखा झाला. दारचाच्या पुढे दीपक ताल रस्त्याला लागूनच आहे, लहानसं, पलीकडच्या डोंगराचं प्रतिबिंब धरून बसलेलं. त्याच्या बरंच वर, खिंडीच्या तोंडाशी, सुमारे ४,८८० मीटरवर सूरज ताल. जूनमध्ये ते अर्धं गोठलेलं होतं. बर्फाच्या कडेला जिथे पाणी मोकळं झालं होतं तिथला निळा रंग मी आधी कधी पाहिला नव्हता. त्याच्या एका टोकाने बोटभर धार बाहेर पडत होती: भागा नदी. काही दिवसांपूर्वी तांदीला जिच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, ती. आम्ही दोघं तिच्या दोन काठांना उभे राहिलो आणि यांनी पलीकडून माझा हात धरला.

पुढे रस्त्यात पाण्याचे ओढे आडवे येतात. सकाळी ते घोट्याएवढे असतात. दुपारी वरचं बर्फ उन्हाने वितळून खाली पोहोचतं तेव्हा तेच ओढे गाडी फिरवून टाकतील इतके चढतात. पांगोंगच्या वाटेवरच्या एकाचं नावच पागल नाला आहे. म्हणून सकाळी लवकर निघणं ही इथली शिस्त. मोटरमनला पहाटेच्या पाळीची सवय असतेच.

रस्ता राखणाऱ्या माणसांबद्दल न लिहिता पुढे जाणं मला जमणार नाही. सीमा सडक संघटना १९६० ची. तिचा लडाखमधला ‘हिमांक’ प्रकल्प १९८५ पासून काम करतो. पाट्या संघटनेच्या असतात, पण खडी फोडणारे, डांबर पसरणारे हात बहुतेक झारखंडच्या दुमका भागातून आलेल्या मजुरांचे. तोंडाला फडकं, डोळ्यांत धूळ, श्वासाला निम्मी हवा. मोरे मैदानाच्या अलीकडे एका टोळीपाशी यांनी गाडी थांबवली. रेल्वेत रुळांवर काम करणाऱ्या गँगमनना हे कायम नमस्कार करत, तसाच इथेही केला. आमच्याकडे वसईची सुकेळी होती, केळीच्या पानात गुंडाळलेली. ती वाटली. एका पोराने विचारलं, हे काय, आणि मग समुद्र कसा असतो, ते विचारलं. ऑक्टोबरला बर्फ पडू लागलं की ही माणसं गावी जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात रस्ता पुन्हा पहिल्यापासून उभा करतात.

लेहमध्ये आम्ही नुसते राहिलो. चाललो, झोपलो, थुकपा खाल्ला. शरीर सरावल्यावर तळ्यांकडे वळलो.

पांगोंग सगळ्यांना ठाऊक आहे. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’नंतर तर त्याच्या काठी त्या पिवळ्या स्कूटर आणि रंगीत खुर्च्यांची दुकानंच थाटली गेली. तिथे गर्दीत थांबायचं नसेल तर स्पांगमिकच्या पुढे मान आणि मेराक या गावांकडे जावं. तळं सुमारे १३४ किलोमीटर लांब, त्यातला एक तृतीयांशच भाग आपल्याकडे. उरलेलं पलीकडे, आणि पलीकडे म्हणजे काय ते मेराकला गेल्यावर कोणी वेगळं सांगावं लागत नाही. चुशूलजवळच्या रेझांग लाचं स्मारक आम्ही नकाशावर दाखवलं एकमेकांना, आणि १९६२ च्या नोव्हेंबरात मेजर शैतानसिंग आणि १३ कुमाऊंची तुकडी जिथे शेवटपर्यंत लढली, त्या दिशेला बराच वेळ बघत बसलो. थंडी किती असेल याचा अंदाज जूनमधल्या वाऱ्यानेही येत होता.

पण माझा जीव गुंतला तो खाऱ्या पाण्यात. पांगोंगचं पाणी मचूळ आहे. चार हजार मीटरहून उंच, समुद्रापासून इतक्या दूर, बर्फाचं वितळलेलं पाणी खारट का व्हावं? कारण त्याला बाहेर जायला वाट नाही. एके काळी पांगोंग श्योक नदीला मिळत होतं. हवा कोरडी होत गेली, पातळी खाली आली, पश्चिमेच्या उंबऱ्यावरून पाणी जाईनासं झालं. ओढे क्षार आणत राहिले, ऊन आणि वारा पाणी नेत राहिले, क्षार मागे राहिले. आमच्या वसईच्या मिठागरात शिलोत्री नेमकं हेच करतो: पाणी कोंडायचं, उन्हाला द्यायचं, मीठ गोळा करायचं. तिथे ते काम भूगोलाने केलंय, हजारो वर्षं घेऊन.

त्सो कार या तळ्याकाठी हे डोळ्यांनी दिसतं. काठावर पांढरी खरवड, चिखलावर पापुद्रा, आणि आजूबाजूच्या डोंगरांवर चढत गेलेल्या जुन्या किनाऱ्यांच्या रेषा. एके काळी पाणी तिथवर होतं. चांगपा मेंढपाळ इथलं मीठ गोळा करून शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लादून नेत आणि त्याच्या बदल्यात धान्य आणत. बाहेरून स्वस्त मीठ आलं आणि तो व्यापार संपला. याच खाऱ्या तळ्याला लागून स्टार्टसापुक हे गोड्या पाण्याचं तळं आहे. त्यातून पाणी पुढे वाहून जातं म्हणूनच ते गोडं. एकमेकांना चिकटलेली दोन तळी, फरक फक्त एका वाटेचा. शाळेत हा धडा शिकवायला मला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती.

त्सो मोरीरी ४,५२२ मीटरवर, कोरझोक गावाच्या पायाशी. २००२ पासून ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. त्सो कार २०२० मध्ये आलं. काठच्या दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच चरत होते, लडाखचा तो राज्यपक्षी. आणि पिल्लांची रांग मागे घेऊन पोहणारे पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली उतरतात. उजनीच्या पाणथळीत, भिगवणला, जायकवाडीला आपल्याकडचे पक्षिमित्र ज्यांना भेटायला जातात ते हेच. भिगवणला आम्ही त्यांना पाहुणे म्हणून बघितलं होतं. इथे ते घरचे होते आणि आम्ही पाहुणे.

तळी पाहून झाली आणि फ्यांगच्या बाजूच्या एका गावात आम्ही घरगुती मुक्कामाला राहिलो. घरच्या बाईंना सगळे आमा-ले म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. वय माझ्याएवढंच. पहाटे चुलीवर खंबीर नावाची रोटी भाजायच्या आणि मग फावडं घेऊन शेताला पाणी द्यायला निघायच्या. मी त्यांच्या मागून गेले, आणि या सगळ्या प्रवासात मला जे हवं होतं ते तिथे सापडलं.

लेहला वर्षाकाठी सुमारे शंभर मिलिमीटर पाऊस. वसईत दोन हजारांच्या वर. सिंधू नदी लडाखमधून वाहते, पण ती खाली, खोल. बहुतेक गावं तिच्यावर जगत नाहीत. गावं वसली आहेत बाजूच्या लहान ओढ्यांवर, आणि त्या ओढ्यांच्या माथ्यावर एखादी लहान हिमनदी किंवा बर्फाचा साठा असतो. रात्री वरचं पाणी थंडीने मंदावतं, दुपारनंतर वाढतं. शेताला नेमकं हवं तेव्हा मिळत नाही. म्हणून गावाच्या वरच्या अंगाला दगडमातीचं तळं बांधलेलं असतं, त्याला झिंग म्हणतात. संध्याकाळी त्याचं तोंड बंद करायचं, रात्रभर येईल तेवढं पाणी साठवायचं, सकाळी मोकळं करून पाटाने शेतांना द्यायचं. कोणाच्या शेताला कधी आणि किती, हे ठरवायला गावाने नेमलेला माणूस असतो, चूरपोन. आमा-लेंच्या पाळीची वेळ झाली तेव्हा त्यांनी पाटातला दगड आणि मातीचं ढेकूळ बाजूला केलं, बार्लीच्या वाफ्यात पाणी शिरलं, आणि पाळी संपताच त्यांनी ते स्वतः बंद केलं. शेजारीण बांधावर उभी होती. दोघींमध्ये एक शब्दही झाला नाही.

याहून मोठी अडचण ऋतूची आहे. पेरणीला पाणी लागतं एप्रिल-मेमध्ये, आणि वरचं बर्फ जोरात वितळतं जूननंतर. हिवाळ्यात मात्र ओढे बारीक का होईना वाहतच असतात, आणि ते पाणी कोणाच्याही उपयोगाला न येता सिंधूत जातं. चेवांग नॉर्फेल हे ग्रामविकास खात्यातले स्थापत्य अभियंता. वाया जाणाऱ्या नळाचं पाणी झाडांच्या सावलीत गोठून साठलेलं त्यांनी पाहिलं आणि त्यावरून त्यांना सुचलं की हिवाळ्याचं पाणी गावाजवळच, सावलीच्या उतारावर, दगडी बांधांनी संथ करून थर-थर गोठवता येईल. १९८७ मध्ये फुक्त्से गावात त्यांनी अशी पहिली मानवनिर्मित हिमनदी केली. ती गावाच्या जवळ आणि खऱ्या हिमनदीपेक्षा कमी उंचीवर असल्याने लवकर, नेमकी पेरणीच्या वेळी वितळते. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात याच विचाराला दुसरा आकार दिला. वरच्या ओढ्यातून नळ खाली आणायचा; उताराच्या दाबाने पाणी कारंज्यासारखं उडतं, गोठवणाऱ्या हवेत पडता पडता बर्फ होतं आणि शंकूचा ढीग वाढत जातो. आडव्या पसरलेल्या बर्फापेक्षा उभ्या शंकूला ऊन कमी लागतं, म्हणून तो सावली नसलेल्या जागीही उशिरापर्यंत टिकतो. आकार स्तूपासारखा, म्हणून बर्फाचा स्तूप.

स्तूप म्हटल्यावर मला आमचं सोपारं आठवल्याशिवाय राहिलं नाही. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत बुद्धांच्या कांस्यमूर्ती निघाल्या आणि त्यांच्याबरोबर मैत्रेयाची. ठिकसे मठात दोन मजले उंच मैत्रेयासमोर उभं राहून हे मी यांना सांगितलं, आणि शेजारच्या लामांनाही. त्यांनी सोपाऱ्याचं नाव पुन्हा विचारून घेतलं.

बर्फाचे हे साठे हिमनदीची जागा घेऊ शकत नाहीत. नळ गोठतात, हिवाळा उबदार गेला तर बर्फ कमी धरतं, मेहनत गावालाच करावी लागते. आणि पाण्याची मागणी वाढतेच आहे. लेहमधल्या हॉटेलांनी बोअरवेल खणल्या, फ्लशचे संडास केले. लडाखी घरात मात्र अजून कोरडा संडास असतो, त्याचं खत शेताला जातं. आमा-लेंच्या घरी तोच होता. पाहुण्यांनी निदान एवढं मान्य करावं. लडाखला जाऊन वसईसारखी बादल्यांनी आंघोळ मागणं हे मला आता अन्यायाचं वाटतं.

फळ्यावर काढलेली हिमनदी शेवटी झांस्करच्या वाटेवर भेटली. कारगिलहून सुरू खोऱ्याचा रस्ता नुन आणि कुन या सात हजार मीटरवरच्या शिखरांच्या बाजूने जातो, रंगदूमचं ओसाड मैदान पार करून पेन्सी लाला चढतो. खिंड ओलांडून उतरायला लागलो की उजव्या हाताला द्रांग-द्रुंग. सुमारे तेवीस किलोमीटर लांब, वळण घेत उतरणारी, अंगावर मधोमध दगडांचे काळे पट्टे. ते पट्टे म्हणजे मध्यहिमोढ. दोन प्रवाह मिळाले की त्यांच्या कडांची दगडमाती मधे येते. चाळीस मुलांच्या वर्गासमोर मी हे वर्षानुवर्षं बोलले होते. गाडीतून उतरल्यावर काही वेळ मला बोलता आलं नाही. हे नुसते शेजारी उभे राहिले.

तिच्या मुखाशी आता तळं साचलं आहे, आणि त्यात तुटलेल्या बर्फाचे तुकडे तरंगत होते. सिस्सूच्या वरचं तळंही असंच सुरू झालं असणार. हिंदुकुश-हिमालयाचा अभ्यास करणाऱ्या काठमांडूच्या इसिमोड संस्थेने २०२३ च्या अहवालात म्हटलंय की २०११ ते २०२० या दशकात इथल्या हिमनद्यांचं बर्फ आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या जतनाचं म्हणून पाळलं. हे आकडे पेन्सी लावर उभं राहून आठवले की त्यांना वजन येतं.

आणि ते वजन कुमिक गावात माणसांवर पडलेलं दिसतं. पदुमजवळचं हे झांस्करमधल्या जुन्या गावांपैकी एक. वरचं बर्फ आटत गेलं, ओढा अपुरा पडू लागला, शेतं पडीक राहू लागली. २००० च्या आसपास गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवलं की गाव हलवायचं. खाली, नदीजवळच्या उघड्या माळावर, मारथांगला जागा ठरली आणि नदीचं पाणी आणायला मैलोन् मैल कालवा स्वतःच्या हातांनी खणायला घेतला. वारा इतका की लावलेलं झाडही जगेल याची खात्री नव्हती. ज्या लोकांनी हवा तापवायला जवळजवळ काहीच हातभार लावला नाही, त्यांना घरं सोडावी लागली. याबद्दल मला राग आला, आणि तो राग मी खाली उतरवून आणला आहे.

पदुमहून परत येताना शिंकू लावरून दारचाला उतरलो. निमू-पदुम-दारचा हा रस्ता २०२४ मध्ये जोडला गेला, आणि त्याच वर्षी खिंडीखालच्या ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचं काम सुरू झालं. आणखी काही वर्षांनी झांस्कर हिवाळ्यातही उघडं राहील. तिथल्या आजारी माणसाला ते हवंच आहे. पण सिस्सूची ती गाड्यांची रांगही मी विसरलेले नाही.

घरी आलो तेव्हा वसईत पाऊस कोसळत होता. २०१८ च्या जुलैमध्ये याच पावसाने वसई दिवसेंदिवस पाण्याखाली ठेवली होती. मिठागरात माणसं अडकली, रुळांवर पाणी चढलं, लोकल नालासोपाऱ्यात उभ्या राहिल्या. मे महिन्यात याच वसईत टँकर फिरतात. दोन हजार मिलिमीटरचा पाऊस आणि टँकर, हे आमा-लेंना सांगितलं असतं तर त्यांना पटलं नसतं.

आमच्या वाडवडिलांकडे याचं उत्तर होतं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाडी तिथे बावखल. पावसाचं आणि जमिनीतलं गोडं पाणी धरून ठेवणारं खोल तळं. त्यावर रहाट, आणि रहाटाच्या पाण्यावर केळी, पानवेली, फुलं. बावखल भरलेलं असलं की आजूबाजूच्या विहिरी गोड्या राहायच्या, समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकायला जागा मिळायची नाही. पाऊस जोराचा झाला तर जादा पाणीही तिथेच विसावायचं. झिंग आणि बावखल बांधणाऱ्या माणसांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. काम मात्र एकच केलं, पाणी मिळतं तेव्हापासून लागतं तेव्हापर्यंत थोपवायचं. रहाट गेले, विजेचे पंप आले, पंपांनी खारं पाणी वर खेचलं. जमिनीला भाव आला तशी बावखलं भरावाने बुजली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती टँकर आणि बेसुमार बांधकामांविरुद्ध उभी राहिली, तेव्हा आम्ही दोघं मोर्चात चाललो होतो. फादर २०२४ मध्ये गेले. हिरवा पट्टा अजून आहे, पण त्याच्यातली किती तळी जिवंत आहेत ते पाहायला वाडीतून पायी चालावं लागतं.

यांच्या वाडीतलं बावखल भाऊबंदकीचं आहे. अर्धं गाळाने भरलंय, एका कोपऱ्यात कोणीतरी डेब्रिज टाकलंय. श्रावणात हे सगळ्या चुलत भावांना घेऊन बसले आणि त्यांना झिंगचे फोटो दाखवले. दोघे लगेच तयार झाले. तिसरे भावजी म्हणाले, “दादा, जागा विकली तर पोराला विरारला घर होईल.” त्यांचं म्हणणं खोटं नाही, आणि त्यांना दोष द्यायची माझी इच्छाही नाही. वैशाखात पाणी तळाला गेलं की गाळ उपसायचा, जेसीबी न लावता मजुरांकडून, तळ न दुखावता, इथपर्यंत बोलणं आलंय. खर्चाचा तिसरा हिस्सा सध्या आमच्या पेन्शनमधून घालायचं ठरलं आहे. भावजींनी अजून होकार दिलेला नाही, पण डेब्रिज उचलायला परवा त्यांचाच टेम्पो आला होता.